गडग्यापलीकडची जुई

चौलहून रेवदंड्याकडे जाणारा जुना रस्ता नारळी-पोफळींच्या वाड्यांमधून वळणे घेत जातो. श्रावणात तिन्हीसांजेला या रस्त्याने पायी निघालेल्या माणसाची पावले एका ठिकाणी आपोआप मंदावतात. घर अजून दृष्टीस पडलेले नसते. दोन्ही बाजूंना ओलसर काळोख आणि पोफळींचे सरळसोट खांब तेवढे दिसत असतात. समुद्र फार दूर नसल्याने वाऱ्याला खारट ओल असते आणि त्या ओलीतूनच जुईचा गंध येतो. मोगऱ्यासारखा तो अंगावर येत नाही. आला म्हणावे तोवर जातो, पुन्हा येतो. थोडे पुढे गेल्यावर जांभ्या दगडाचा एक गडगा दिसतो. त्याच्या मध्यभागी माणूस जाईल एवढी खिंड आहे आणि गडग्याच्या दोन्ही अंगांना जुईचा एकेक मांडव आहे.

हे घर एकेकाळी एकच होते. चार पिढ्यांपूर्वी कच्छमधून आलेल्या या कुटुंबाने बाजारात किराणा मालाचे दुकान थाटले, पुढे दहा-बारा गुंठ्यांची वाडी घेतली आणि ते इथलेच झाले. घरात कच्छी आणि ओटीवर मराठी, असा त्यांचा व्यवहार. वाडीतली जुई लावली ती घरातल्या बांनी, १९७९ सालच्या पावसाळ्यात. तेव्हा या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. रायगड हे नाव १९८१ साली आले. बापूजी दुकानाचा रोजमेळ ठेवत आणि त्यात मालाच्या नोंदींच्या शेजारी घरच्या बारीकसारीक गोष्टीही टिपत. आषाढातल्या एका पानावर त्यांच्या वळणदार अक्षरात एवढेच आहे : ‘जुईचे रोप शेजारच्या वाडीतून. खड्डा एक. शेणखत दोन पाट्या. दाम नाही.’

जाई आणि जुई ही नावे मराठीत जोडीनेच उच्चारली जातात. परंतु त्या दोन वेली वेगळ्या. संस्कृतातली ‘जाती’ ती जाई आणि ‘यूथिका’ ती जुई. जाईचे पान अनेक पर्णिकांचे, फूल काहीसे मोठे आणि पाकळ्यांच्या पाठीवर गुलाबी झाक असलेले. आयुर्वेदातल्या जात्यादि तेलातली जाती म्हणजे हीच. जुईचे फूल मात्र इवलेसे, दुधासारखे पांढरे आणि झुपक्याने येणारे. तिची खरी ओळख पानात आहे. मधले पान मोठे आणि त्याच्या देठाशी दोन चिमुकल्या पर्णिका, जणू पानाला फुटलेले कान. वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला दिलेल्या ‘ऑरिक्युलेटम’ या लॅटिन नावाचा अर्थही कानवाली असाच आहे. सह्याद्रीच्या उतारावर चैत्र-वैशाखात पांढऱ्या फुलांनी लगडणारी रानातली कुसर ही तिचीच बहीण. पहाटे अंगणात आपोआप सडा घालणारा पारिजातकही याच कुळातला.

वेल वाढवायची म्हणजे जागेची पारख आधी हवी, हे बा जाणून होत्या. किनाऱ्याकडच्या वाड्यांत माती रेताड. पाणी झिरपून जाते आणि मुळाशी ओल टिकत नाही. थोडे आत गेले की जांभ्याची लाल माती. तिच्यात पाणी मुरते, पण मुरुम कठीण असल्याने मुळांना वाट मिळत नाही. त्यांनी विहिरीजवळ, परंतु पाटापासून तीन हात दूर, दीड फूट लांब-रुंद-खोल असा खड्डा खणवला. तळाशी विटांचे तुकडे, वर लाल माती, वाळू आणि कुजलेले शेणखत भरले. जुईला ओल हवी असते, पण तिचे मूळ पाण्यात उभे राहिलेले तिला खपत नाही. कोकणातल्या मुसळधार पावसात वेली मरतात त्या बहुधा पाणी कमी पडून नव्हे, साचून.

मांडव पोफळीच्या खोडांचा. पोफळ फोडून तिच्या लांब रिपा काढायच्या, चार खांबांवर आडव्या टाकायच्या आणि सुंभाने बांधायच्या. लोखंडी तार सोयीची खरी. पण खाऱ्या वाऱ्यात ती दोन-चार पावसाळ्यांतच गंजून तुटते आणि उन्हाने तापली की कोवळे शेंडे करपवते. सुंभ दर दोन वर्षांनी बदलावा लागतो, पण तो वेलीला जाचत नाही. विहिरीजवळच्या मुळापासून निघालेली वेल या मांडवावरून थेट घराच्या पडवीपर्यंत पोहोचली होती आणि पडवीलगतच घरदेरासर होते.

चैत्र-वैशाखात विहिरीचे पाणी तळाला जाऊन मचूळ होई. त्या दिवसांत बा वेलीला पाणी कमी देत आणि आळ्यात नारळाची सोडणे पालथी मांडून ठेवत. त्याने जमीन तापत नसे आणि दिलेले पाणी टिकत असे. पहिला पाऊस पडून गेला की मातीतला खार धुऊन निघे आणि आठ-पंधरा दिवसांत मांडव हिरवा होई. आषाढात कळ्या, श्रावण-भाद्रपदात भर आणि दसऱ्यापर्यंत उतरता बहर, असा तिचा क्रम. पर्युषणाचे दिवस नेमके भरात येत.

फुलांविषयी बांचे काही नियम होते आणि ते घरातल्या दोन्ही सुनांनी निमूटपणे पाळले. सूर्यास्तानंतर वेलीला हात लावायचा नाही. कळी खुडायची नाही. रात्री मांडवाखाली धुतलेले पंचे अंथरायचे आणि सकाळी त्यांवर आपोआप गळालेली फुले प्रथम घ्यायची. ती कमी पडली तरच उमललेली, हात लावताच सुटणारी फुले उतरवायची. माळ करायची ती केळीच्या सोपाच्या धाग्याने, सैल गाठी देऊन. फुलात सुई घालायची नाही, पाकळी चुरगळू द्यायची नाही. अष्टप्रकारी पूजेत पुष्पपूजा तिसरी. पण फूल म्हणजे वनस्पतिकाय जीवाचा अवयव, हे भान सुटता कामा नये, असा त्या नियमांचा आशय. एकोणिसावे तीर्थंकर मल्लिनाथ यांच्या नावाची परंपरागत कथाही फुलांपाशीच जाते. ते गर्भात असताना मातेला फुलांच्या शय्येचे डोहाळे लागले होते. ही कथा बा दर वर्षी सांगत आणि दर वर्षी त्यानंतर म्हणत, ‘डोहाळे आईचे, पण झाडालाही आई असते.’

आचारांग सूत्राच्या पहिल्याच अध्ययनात वनस्पती आणि मनुष्यदेह यांची तुलना आहे. दोघेही जन्म घेतात, दोघेही वाढतात, दोघांनाही आहार लागतो आणि छेदले असता दोघेही म्लान होतात. आधुनिक विज्ञान वेगळ्या वाटेने याच परिसरात येऊन पोहोचले आहे आणि त्या वाटेवर चमेलीवर्गाचे नाव कायमचे कोरले गेले आहे. १९६२ साली युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनी जाईच्या सुगंधी तेलातून ‘मिथाइल जास्मोनेट’ नावाचे द्रव्य वेगळे केले. तेव्हा ते अत्तराच्या व्यवसायातले एक सुवासिक द्रव्य एवढेच मानले गेले. पुढे १९९० साली अमेरिकेतल्या फार्मर आणि रायन या संशोधकांनी दाखवून दिले की सेजब्रश नावाच्या झुडपातून हवेत मिसळणाऱ्या याच द्रव्यामुळे शेजारच्या टोमॅटोच्या रोपांत किडीला प्रतिकार करणारी प्रथिने तयार होऊ लागतात. पान कुरतडले गेले, फांदी जखमी झाली, की जास्मोनेट वर्गातली द्रव्ये वनस्पतीच्या देहात वाढतात, हे आता सर्वमान्य आहे. म्हणजे जिला आपण सुगंध म्हणून ओळखले, तीच वनस्पतींच्या इजेचीही भाषा निघाली.

बापूजी २००१ साली गेले आणि बा २००४ साली. त्यानंतर दोन वर्षांनी वाटण्या झाल्या. भांडण म्हणावे असे काही नव्हते; दोन्ही भावांची मुले मोठी होत होती आणि एका चुलीवरचा संसार अवघड झाला होता. थोरल्यांकडे दुकान, पडवीकडचा अर्धा भाग आणि घरदेरासर आले. धाकट्यांकडे मागील भाग, विहीर आणि वाडीचा मोठा हिस्सा आला; विहिरीच्या पाण्यावर दोघांचा समान हक्क, असे ठरले. मोजणी झाली. सरकारी साखळीने जी रेषा आखली ती नेमकी जुईच्या मांडवाखालून गेली. त्या रेषेवर कमरेइतका गडगा उभा राहिला. मूळ राहिले धाकट्यांच्या हद्दीत आणि फुले पडू लागली थोरल्यांच्या पडवीसमोर.

अशा गोष्टींचा सातबारात उल्लेख नसतो आणि वाटणीपत्रातही त्यांना कलम नसते. पहिली दोन-तीन वर्षे काही बिघडले नाही. धाकटी मुळाशी पाणी घाली. भाभी मांडवाचे सुंभ बदलून घेत. पण बापूजींच्या पश्चात वेलीची छाटणी कोणीच केली नव्हती. न छाटलेली जुई दिसायला भरगच्च दिसते. आत मात्र जुन्या काटक्यांचे जाळे होते, ऊन-वारा शिरत नाही, पानांवर कोळीकिडीची पांढरट लव चढते आणि कळ्या पोखरणारी अळी तिथे सुखाने नांदते. फूल धरते ते नव्या फुटीवर. जुने लाकूड नुसती जागा अडवते. म्हणून पौष-माघात, थंडी सरता सरता, आधी काही दिवस पाणी तोडून मग वेल जमिनीपासून गुडघ्याएवढी ठेवून सबंध छाटायची असते. नंतर आळे उकरून शेणखत द्यायचे आणि पाणी सुरू करायचे. छाटल्यावर महिनाभर ती मेल्यासारखी दिसते. फाल्गुनात फूट येते.

धाकट्यांना हे ठाऊक होते, कारण ते लहानपणापासून बापूजींबरोबर वाडीत राबले होते. थोरल्यांचा दिवस दुकानात जाई. त्यांनी जुई पाहिली ती सकाळच्या पूजेच्या तबकात. जानेवारी २००९ मध्ये धाकट्यांनी कोयता आणि करवत घेऊन वेल छाटली. संध्याकाळी थोरले दुकानातून परतले तेव्हा पडवीसमोर रिकामा मांडव उभा होता आणि त्याच्या रिपांमधून आकाश दिसत होते.

त्याच आठवड्यात विहिरीवरच्या पंपाच्या वीजबिलावरून काही बोलणे झालेले होते. थोरल्यांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. गडग्याशी उभे राहून ते एवढेच म्हणाले, ‘बांच्या हातची वेल होती.’ धाकट्यांनी उत्तर दिले, ‘छाटलीय मोटाभाई, मारली नाही.’ परंतु तोवर ऐकणारा मागे फिरला होता. त्या दिवसापासून दोन्ही भावांचे बोलणे थांबले.

त्या श्रावणात जुई अशी फुलली की पंचे अपुरे पडले. थोरल्यांच्या पडवीसमोर पांढरा थर साचे. भाभी तो न्याहाळत आणि काही बोलत नसत. थोरल्यांनीही ते पाहिले असणार. पण राग धरल्याला सात महिने झाले होते आणि तो सोडण्यासाठी कोणी येऊन विनवणी करावी, असे वयच राहिले नव्हते. दर वर्षी संवत्सरीला दोन्ही घरे गावातल्या, मुंबईतल्या, कच्छमधल्या सगळ्या नातलगांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणत. आधी पत्रे जात, पुढे दूरध्वनी आणि त्यानंतर मोबाइलवरचे संदेश. गडग्यापलीकडे मात्र ते शब्द मुलांच्या तोंडून जात आणि मुलांच्याच तोंडून परत येत. धाकटीचे घरदेरासरात येणे हळूहळू सणांपुरते उरले. माळ भाभी एकट्याच करू लागल्या.

अशी अकरा वर्षे गेली. वेलीची छाटणी दर माघात होत राहिली, मांडवही दर दोन वर्षांनी दुरुस्त होत राहिला. मूळ एकाने सांभाळले, आधार दुसऱ्याने आणि त्याविषयी दोघांनी एकमेकांशी अवाक्षर काढले नाही. बाहेरच्या माणसाला वेल पाहून घर एकच आहे असे वाटावे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडला. ताशी शंभर ते एकशेवीस किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने दुपारच्या दोन-तीन तासांत अलिबाग, मुरूड आणि श्रीवर्धन तालुक्यांतल्या वाड्यांचे जे केले ते शब्दांत सांगणे कठीण आहे. नारळ मुळासकट उपटले गेले; पोफळी मधोमध मोडल्या. पोफळीला उत्पन्न यायला सहा-सात वर्षे लागतात आणि एका दुपारी दोन पिढ्यांची लागवड आडवी झाली. अनेक गावांत वीज कित्येक दिवस आली नाही. टाळेबंदीचे दिवस असल्याने माणसे मिळेनात आणि पत्रे-कौलेही मिळेनात.

या वाडीत चौतीस पोफळी पडल्या. त्यांतल्या दोन जुईच्या मांडवावर कोसळल्या. मांडव जमीनदोस्त झाला, गडग्याचा मधला भाग ढासळला आणि एक खोड थोरल्यांच्या पडवीच्या दाराला असे आडवे पडले की दार उघडेना. पाऊस थांबल्यावर धाकटे आणि त्यांचा मुलगा करवत घेऊन पडलेल्या गडग्यावरून पलीकडे आले. तासाभरात त्यांनी खोड कापून दार मोकळे केले. थोरल्यांनी आतून पाण्याचा तांब्या पुढे केला. धाकट्यांनी पाणी प्यायले, तांब्या ओट्यावर ठेवला आणि ते परत गेले. बोलणे झाले नाही.

जुईचे खोड मुळाशी पिळवटले होते. धाकट्यांनी ते कापून सरळ केले, माती लावली. पण ढासळलेल्या चिऱ्यांनी पाटाची वाट अडली होती आणि आषाढाचा पाऊस आळ्यात साचत राहिला. चिरे हलवायला माणूस मिळेपर्यंत पंधरा दिवस गेले. जुलैच्या अखेरीस धाकट्यांनी खोड हलवून पाहिले, तर ते सहज हातात आले. मुळे काळी पडून कुजली होती. एकेचाळीस वर्षांची वेल होती ती. त्या रात्री धाकटी जेवली नाही.

पलीकडच्या बाजूला त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडत होती. टाळेबंदीमुळे दुकान सकाळचे काही तासच उघडे असे. हाताला काम नसल्याने थोरल्यांनी गळक्या माळ्यावरून बापूजींच्या वह्या खाली उतरवल्या. भिजलेली पाने सुकवावीत एवढाच हेतू. रोजमेळाच्या वह्या ओळीने ओटीवर उघडून ठेवल्या असता त्यांची नजर एका नोंदीवर गेली. ‘माघ वद्य. जुई छाटली. गुडघ्याइतकी ठेवली.’ त्यांनी पुढच्या वर्षाची वही उघडली. तिथेही माघातच तीच नोंद होती. मग त्यांनी एकेक करून सगळ्या वह्या पाहिल्या. एखाददुसरे वर्ष सोडले तर बापूजींनी दर माघात जुई गुडघ्याइतकी छाटली होती. रिकामा मांडव या घराने बावीस-तेवीस वर्षे दर माघात पाहिला होता. दुकानात बसणाऱ्या थोरल्या मुलाच्या नजरेला तो कधी पडलाच नव्हता.

त्यांनी वह्या बंद केल्या. भाभींना ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी ते पडलेल्या मांडवाचा कचरा स्वतः उपसू लागले. आयुष्यभर तराजू धरलेल्या हातांना ते काम नवे होते. तीन दिवसांनी, गडग्याच्या पायाशी, कुजक्या पाल्याच्या ढिगाखाली त्यांना एक हिरवी फांदी दिसली. ती ओढली तर येईना. हाताने माती सारली तेव्हा लक्षात आले, की जुईची एक खालची फांदी केव्हातरी चिऱ्यांच्या फटीतून अलीकडे आली होती, पाल्याखाली जमिनीला टेकली होती आणि तिथे तिने स्वतःची मुळे धरली होती. छाटणी करणाऱ्याला ती कधी दिसली नाही. पाणी घालणाऱ्यालाही नाही. मूळ खोड मेले तरी ही फांदी आपल्या मुळांवर जिवंत होती.

जुईची रोपे करण्याची रीत हीच आहे. फक्त माणूस ती जाणूनबुजून करतो. पावसाच्या सुरुवातीला वर्षभर वयाची, फार कोवळी नाही आणि फार जूनही नाही अशी खालची फांदी निवडायची. एका पेराखाली साल तिरकी चिरायची, तो भाग वाकवून मातीत दाबायचा, वर दगड ठेवायचा आणि शेंडा बाहेर उभा राहू द्यायचा. तीन-चार महिन्यांत चिरेपाशी मुळे सुटतात. मग आईकडच्या बाजूने फांदी एकदम न तोडता आधी अर्धी कापायची, आठवडाभराने पूर्ण. याला दाबकलम म्हणतात. तोडलेल्या काडीपेक्षा ही रीत अधिक भरवशाची, कारण स्वतःची मुळे येईपर्यंत रोपाला आईचा आहार मिळत राहतो. बांनी १९७९ साली शेजारून आणलेले रोपही असेच केलेले होते.

थोरल्यांनी त्या श्रावणात, सत्तरीच्या उंबरठ्यावर, आयुष्यातले पहिले दाबकलम केले. रीत भाभींनी सांगितली. चीर देताना त्यांचा हात थांबला. ‘दुखत असेल का हिला?’ असे ते म्हणाले. भाभी म्हणाल्या, ‘दुखत असेलच. म्हणून तर एकदाच आणि नीट द्यायची.’ कार्तिकात रोप वेगळे केले. ते लगेच जमिनीत न लावता त्यांनी कुंडीत घेतले आणि ओटीवर, दुपारचे ऊन लागणार नाही अशा ठिकाणी ठेवले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यासमोरून उत्तरेकडे गेले. त्या रात्री कुंडी माजघरात होती.

मृगाच्या पहिल्या सरी पडल्यानंतर एका सकाळी थोरले ती कुंडी दोन्ही हातांत धरून पडलेल्या गडग्यापाशी आले. धाकटे आळी उकरत होते. थोरले चिऱ्यांवरून पलीकडे उतरले, अकरा-बारा वर्षांनी प्रथमच. ‘जुन्या खड्ड्यात लावू नकोस,’ ते म्हणाले. ‘तिथली माती नासलीय. तीन हात बाजूला घे.’ धाकट्यांनी फावडे घेतले आणि खड्डा खणला. तळाला विटांचे तुकडे कोणी घातले, खत कोणी आणले, हे सांगत बसण्यात अर्थ नाही. खड्डा भरून झाल्यावर थोरले म्हणाले, ‘बापूजी दर माघात छाटत होते. वहीत आहे.’ धाकटे काही क्षण गप्प राहिले. मग म्हणाले, ‘मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल.’ थोरले म्हणाले, ‘नव्हतं.’

त्या वर्षी नव्या वेलीने फार काही फूल धरले नाही. पहिल्या वर्षी तशी अपेक्षाही नसते. संवत्सरीच्या सकाळी धाकटी गडग्याच्या खिंडीतून पलीकडे आली तेव्हा तिच्या हातातल्या केळीच्या पानावर सात फुले होती. भाभींनी आपल्या मांडवाखालच्या पंच्यावरची फुले तिच्यापुढे ठेवली आणि दोघी पूर्वीसारख्या माळ करायला बसल्या. प्रतिक्रमण झाल्यावर दोन्ही भाऊ समोरासमोर उभे राहिले. ‘मिच्छामि दुक्कडम्’ हे शब्द त्यांनी त्या दिवशी अनेकांना म्हटले असतील. एकमेकांना म्हणताना थोरल्यांचा आवाज बसला आणि धाकट्यांनी ते वाकून पायाशी म्हटले.

सगळे मिटले असे नाही. पंपाच्या वीजबिलाचा हिशेब अजून दर महिन्याला मुलांमार्फतच होतो आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यांवरून अजून कधीतरी आवाज चढतो. मुंबईकरांना सुट्टीची घरे हवी असल्याने आसपासच्या वाड्यांना मोठ्या किमती येत आहेत. या वाडीचीही विचारणा होते आणि दोन्ही घरांतल्या पुढच्या पिढीची मते निराळी आहेत. गडगा २०२२ साली पुन्हा बांधला; मधली खिंड मात्र भरली नाही. ती का ठेवली असे गवंड्याने विचारले तेव्हा थोरले म्हणाले, ‘वेलीला पाणी घालायला जावे लागते.’

जुईला बाजारात मोगऱ्याइतके मोल नाही. जव्हार-मोखाड्याचे शेतकरी मोगरा लावून दादरच्या फूलबाजारात धाडतात आणि त्यावर घरे चालवतात. मदुराईच्या मल्लीला तर २०१३ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. जुई इतकी नाजूक की परसातून देवघरापर्यंतच पोहोचते. ज्या घरात थोडी जागा आहे त्यांनी ती अवश्य लावावी. दिवसातून पाच-सहा तास ऊन, पाणी न साचणारी जमीन, तारेऐवजी सुंभाचा आधार आणि वर्षातून एकदा न भिता केलेली छाटणी, एवढेच तिचे मागणे. किडीची पाने आणि पोखरलेल्या कळ्या वेळीच हलक्या हाताने काढून दूर कुंपणाशी ठेवल्या, आतली दाटी विरळ केली, तर फवारणीची वेळ सहसा येत नाही. या घरात तरी ती आलेली नाही.

आता दर माघात, छाटणीच्या आदल्या संध्याकाळी, धाकटे खिंडीतून येऊन सांगून जातात, ‘मोटाभाई, उद्या जुई छाटतोय.’ थोरले दुसऱ्या दिवशी दुकान उशिरा उघडतात. दोन्ही मांडव रिकामे होतात, काटक्यांचा ढीग गडग्याशी लागतो. मग ते ओटीवर येऊन बापूजींच्या रोजमेळाच्या शेवटच्या वहीतल्या कोऱ्या राहिलेल्या पानांवर तारीख घालतात आणि खाली लिहितात : ‘जुई छाटली. दोन्ही. गुडघ्याइतकी ठेवली.’